हाड

पिरेनीजच्या उतरणीवर, अंधार असल्यापासून
दगडाआड पालथी पडून आहे ओरोसिया.
बोटं बधिर. कॅमेऱ्यावर बापाची घोंगडी.

बाकीची गिधाडं कधीच जेवून गेली.
उरलंय ते दाढीवाल्याचं:
मांडीचं एक लांब हाड.

तो ते उचलतो, उंच नेतो,
सोडतो.
खडकावर ठण्ण. फुटत नाही.
पुन्हा नेतो. पुन्हा ठण्ण.

मग कधीतरी कडाड,
आणि तो उतरतो, सावकाश,
घरी आल्यासारखा.

फोकस लागतो. डोळ्याभोवती लाल कडं,
चोचीतून आत सरकणारं पांढरं टोक,
आणि मागे, गवतात,
चेपलेली पितळी घंटा.
मंगळवारी हिच्याच मागे
हाका मारून घसा बसला होता.

ओरोसिया श्वास धरते.
चौकट बोटभर डावीकडे सरकवते.
घंटाही येऊ दे.