आटे

फॉर्मवर प्रश्न होता: अंगात कुठे धातू आहे का?
प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं
आणि हसू दाबत लिहिलं, होय, डोक्यात. प्लॅटिनम.
तिच्या गळ्यातलं मार्चपासून पतपेढीत आहे.
माझ्या डोक्यातलं कुणी गहाण ठेवून घेणार नाही.

परळ. तळघर. इथल्या मशीनला बाहेरचं ऊन ठाऊक नाही.
मुबीना म्हणते, काका, हलायचं नाही,
आवंढा गिळायचा तर आत्ताच गिळून घ्या.
मुठीत रबरी फुगा देते: घाबरलात तर दाबा.
एकतीस वर्षं मी माझगावात पाणीखात्याचा चावीवाला.
फुगा म्हणजे काय, ते मला नका सांगू, पोरी.

बिडाची जुनी लाइन कुठेतरी आतून झिजते,
पहाटे साडेचारला दाब चढतो
आणि ती तेव्हाच फुटते.
मीही तेव्हाच.
डॉकयार्डच्या उतारावर, सातव्या आट्याला,
कुणी मस्तकात नारळ फोडावा तसा.
चावी हातातच राहिली.
त्या दिवशी खालच्या चाळींना पाणी नाही,
वॉर्ड ऑफिसात माझ्या नावाने शिमगा,
आणि कळल्यावर तिथूनच सहा शहाळी.

कवटी उघडली नाही. जांघेतून शिरले.
प्रमिला येईल त्याला सांगते, एक टाका नाही हो,
जणू ती हुशारी माझीच.
केसाएवढी तार वर वर नेली
आणि फुग्यात गुंडाळी करून ठेवली.
मला हे पटलं. रस्ता खोदण्याआधी
आम्हीही मॅनहोलमधून जमतं का बघायचो.

आता ठोकतंय. टक टक टक, मग गर्रर्र, मग टक.
रात्री दोननंतर, ट्रक थांबले की,
लोखंडी काठीचं एक टोक डांबरावर
आणि दुसरं कानाला.
गळती शिट्टी मारते, बारीक,
सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकासारखी.
नाईक मिस्त्री म्हणायचा, ऐकताना
स्वतःचा श्वास आधी बाजूला ठेव.
ठेवलाय, मिस्त्री.
आज काठी दुसऱ्या कुणाच्या कानाला आहे
आणि रस्ता मी.

सहा महिन्यांत काय गेलं, काय उरलं, हिशेब लागत नाही.
नातीचं नाव एकदा अख्खी दुपार सापडेना.
ओवी. ओवी. हल्ली म्हणून ठेवतो.
पण माथारपाखाडीची चावी चौदा आटे,
नेसबीट रोडची बावीस, तीही उलट्या हाताने,
हे कुठल्या नळीत राहिलंय कोण जाणे,
एक थेंब सांडलेला नाही.

डॉक्टर कटके पडदा फिरवतात.
काळोखात पांढऱ्या फांद्या. हा मी.
फुगा होता तिथे काहीच नाही,
ठासून भरलेला काळा ठिपका, गप्प.
फक्त मानेशी, हे बघा, तांदळाच्या कणीएवढं
अजून भरतंय. काळजीचं नाही. वर्षाने पुन्हा बघू.
प्रमिला विचारते, म्हणजे गळतंय?
नाही, डॉक्टर म्हणतात.
नाही, मीही म्हणतो, त्याच क्षणी.
आमच्याकडे याला नोंद म्हणत.
वहीत लाल पेन्सिलीने गोल करायचा, खोदायचं नाही,
येता-जाता कान द्यायचा.
शिवडी नाक्यावर असा एक गोल
मी नोकरीला लागलो तेव्हा होता,
चावी जमा केली तेव्हाही होता.

ती पाकीट छातीशी धरून जिना चढते.
दोनदा थांबते. मी थांबत नाही, मग थांबतो.

पहाटे नळात आधी वारा येतो, खोकतो,
मग पाणी एकदम, भांडं उडवत.
नवा पोरगा असणार, घाईतला.
हळू रे, मी अंधारात म्हणतो,
एका वेळी एक आटा.
प्रमिला कूस बदलते.
मी मूठ उघडून बघतो. फुगा परत दिला होता ना?