तारलीला काय चालेल

नव्या जागेच्या खिडकीतून बंदराचा दिवा दिसतो.
तेवढं सोडलं तर नुसत्या भिंती.
म्हणून रविवारी गेले कॅम्पात,
बस्त्याव सोजच्या नर्सरीत.

"सावलेतला होया काय उन्हातला?"
मी म्हटलं, मांजर खाईल असं.
तो झारी तशीच धरून उभा,
पाणी त्याच्या चपलेवर.
म्हणजे, मी म्हटलं, खाल्लं तर मरणार नाही असं.

"गे बाय, आजपर्यंत कोणी असा इचारूक नाय."

मग आम्ही रांगांतून हिंडलो.
मनीप्लांट? सगळे नेतात, पैसो येता म्हणतात.
नको, जीभ भाजते तिची.
ते ठिपक्यांच्या रुंद पानांचं, बँकेत असतं तसं?
तेही नको, तोंड सुजतं.
माड असल्याचं सोंग करणाऱ्या सायकसपुढून
मी न थांबता गेले.
लिलीपाशी मात्र थांबले. हात मागे बांधून.
हिचा पराग अंगावर सांडला
आणि मांजरानं नुसतं अंग चाटलं,
तरी मूत्रपिंडं जातात.

"तुका कसा ठावक ह्या सगळा?"

वाचलं. नंतर वाचलं.
आधी काहीच ठाऊक नव्हतं.
मागच्या चवथीला भावाकडे
माटवीला बांधलेली कळलावी सैल झाली, लोंबत राहिली,
तांबडी, पिवळी, वाऱ्यानं हलणारी.
मोरी दीड वर्षाची होती तेव्हा.
हलणारं काही दिसलं की ती उडी मारायचीच.
आम्ही हसलो. कोणीतरी फोटोही काढला.
संध्याकाळी वांत्या, रात्रभर वांत्या,
गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर नाबरांनी सलाईन लावली.
वासराची सुई होती,
तीच त्यांच्याकडची सर्वांत बारीक.
तिसऱ्या पहाटे ती माझ्या ओढणीत.
वहिनी अजून म्हणते, दृष्ट लागली.

बस्त्यावनं झारी खाली ठेवली.
फाटकाकडे बघत राहिला,
जिथं कण्हेर दोन पुरुष उंच, गुलाबी, रस्त्यावर वाकलेली.
"ता कुंपण मी केलंय. फांदयो छाटून थंयच टाकलंय.
आमचो टायगर त्याच आठवड्यात गेलो.
तोंडातसून फेस.
आमी म्हटला, सर्प चावलो असतलो."
बराच वेळ काही नाही.
"बारा वर्सां त्या सर्पाक गाळी घालतंय."

मग त्यानं खिशातून चुन्याची डबी काढली,
पानाची, त्याची रोजची,
आणि बोटानं एकेका कुंडीला ठिपका लावत गेला.
मी सांगत होते, तो लावत होता.
नेचा. ठिपका.
स्पायडर प्लांट. ठिपका. अबोली. ठिपका.
जास्वंद, तीही, हो.
कोरफडीपाशी त्याचं बोट थांबलं.
"ही पण नाय? ही तर औषध."
माणसाला, मी म्हटलं.
त्यानं बोट शर्टाला पुसलं.

तारली बर्फाच्या कारखान्यातली.
एक कान अर्धा, आवाज भांडणाचा.
मी रिक्षातून चार कुंड्या आणल्या,
ओळीनं मांडल्या, दूर बसले.
तिनं एकेक हुंगली, तपासनिसासारखी,
नेच्याचं टोक दातात धरून सोडून दिलं,
आणि जाऊन हिराची केरसुणी चावत बसली.

परवा कॅम्पातून गेले.
कण्हेर त्यानं तोडलेली नाही.
पण रस्त्याच्या बाजूनं, गुडघ्याएवढ्या उंचीला,
जिथं कुत्र्याचं तोंड पोचेल,
तिथवर जाळी मारलीय. नवी, चकचकीत.

रात्री तारली कुंडीतल्या मातीत झोपते,
अबोली एका बाजूला कलंडवून.
मला झोप लागत नाही
तेव्हा बंदराचा दिवा मोजते.
काल उठून जास्वंदीचं एक पान तोडलं,
चावून पाहिलं.
बुळबुळीत. हिरवट.
थोडा वेळ वाट पाहिली.
काहीच झालं नाही.