फूटपट्टी

जूनमध्ये, मैदान अजून ढेकळांचं होतं तेव्हा,
मी बाराही मुलींना वसतिगृहाच्या ओट्यावर बसवलं
आणि एकेकीच्या चिमटीतून लाकडी फूटपट्टी सोडली.
पडताना पकडायची. एवढंच.
मुली फिदीफिदी हसल्या, सर, हा कोणता खेळ?
मी वहीत लिहीत गेलो :
रविना पावरा. चढाई. चौदा सेंटिमीटर.
डोळे मिटून एका पायावर, बेचाळीस मोजेपर्यंत.
वार उलटे, न अडखळता.
चांगली असताना माणूस कसं असतं
ते कुणी लिहून ठेवत नाही.

दोंडाईच्याला, बुधवारी, शेवटच्या चार मिनिटांत
कोपऱ्यातल्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलाला लागला.
आवाज झाला नाही.
झाला असता तर सगळे धावलो असतो.
ती उठली, हात लांबवून रेषा शिवली, दोन गुण.
शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी गुलाल आणलेलाच होता.
“दुखस का?”
“नही सर. मी बराबर शे.”

आमच्याशी ती अहिराणीत बोलते,
पेपरात मराठी, घरी पावरी.
त्या रात्री पंगतीत तिनं मीठ मागितलं
ते पावरीत.
वाढणारी बाई शिरपूरची. ती नुसती बघत राहिली.
मीही बघितलं, आणि भाकरी मोडली.

गुरुवारी तिनं मला दोनदा विचारलं, बस किती वाजता.
विनोदावर हसली,
पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.
धुळ्याला फोटो काढला मेंदूचा.
डॉक्टरांनी काळी फिल्म खिडकीला धरली,
सगळं जागच्या जागी, म्हणाले, घेऊन जा.
मी फिल्म गुंडाळली, पिशवीत घातली,
आणि पिशवीत आधीपासून असलेली वही
परतीच्या बसमध्ये मांडीवर घेतली.

शुक्रवारी पट्टी सोडली. सव्वीस.
पुन्हा सोडली. सव्वीसच्या पुढे, थेट जमिनीवर.
रविवारी नंदुरबारला निवड होती.

रात्री मुलींच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत.
टक्, टक्, टक्. लाकूड फरशीवर.
शनिवारी सकाळी ती स्वतःहून आली, नाक वर करून,
सोडा, सर.
पंधरा.
मागं मैत्रिणी दारात गर्दी करून.
खरं सांगतो, मला तिथंच थांबायचं होतं.
पंधरा लिहायचं, वही मिटायची, जर्सी द्यायची.
“वार म्हण. उलटे.”
शनिवार, शुक्रवार, गुरुवार,
मंगळवार, सोमवार, रविवार.
“बुधवार कथा गया, बेटा?”
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मीच काहीतरी चोरलंय.

बापाला बोलावलं. गुमान, केळीच्या गाड्या भरतो.
खाकी वर्दीचं स्वप्न त्याचंच, मला माहीत होतं,
म्हणून मी घसा साफ करून बरीच तयारी केली होती.
त्यानं फिल्म बघितली नाही. वही बघितली,
त्याला वाचता येत नाही तरी, आकड्यांवरून बोट फिरवलं.
“आपटेल घड आम्ही गाडीत चढावतस नही, सर.
वरतून काई दिखस नही. हिरवागार.
चौथा दिन काया पडस.”
मग तो तिच्या शेजारी बसला, जरा अंतर ठेवून,
आणि दोघंही माझ्याशी बोलले नाहीत.

नंदुरबारला आम्ही हरलो. सतरा गुणांनी.
ती सावलीत बसली होती, टोपी डोळ्यांवर,
कुणाच्याही चढाईला मान न वळवता.

मीही खेळलोय. तेरा वर्षं, डावा कोपरा.
किती गुडघे, किती टाचा, हिशोब नाही.
नावं विसरतो, ते वयामुळे असेल.
बायको म्हणते, पूर्वी तुम्ही असे चिडत नव्हता.
असेल.
माझ्या जूनची वही नाही कुणाकडे.

पट्टी टेबलावर आहे.
एकट्याला ती सोडूनही बघता येत नाही
आणि पकडूनही.
काल दारात चपलांचा आवाज झाला.
मी वर न बघता विचारलं, डोकं?
ती म्हणाली, उजेड लागस, सर.
पहिल्यांदा खरं बोलली.
मी उठून खिडकी लोटली.