डेड स्टॉक रजिस्टर, पान एकेचाळीस

मैदानात नऊ जणी लागतात. हातमोजे सहा.
हे मी तीन वर्षं लिहीत आलेय.
अक्षर माझं चांगलं, म्हणून कुणी वाचत नाही.

बॅट एक, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
चेंडू अकरा. चारांची शिवण उसवली,
दोन मैदानामागच्या केळीत गेले.
बाग कापली की सापडतील, सोनवणे सर म्हणाले;
अजून ‘शिल्लक’मध्येच धरलेत.

सोनवणे सर प्रशिक्षक.
पहाटे मैदानावर, अकरानंतर जिनिंगच्या वजनकाट्यावर.
मानधन दरमहा दोन हजार, मंजूर.
शेरा : तरतूद नाही.
मंजूर आणि तरतूद यांच्या मधल्या जागेत
ते शिट्टी घेऊन उभे असतात.
डोक्याला रुमाल, भुवईवर कापूस.

क्रीडा शुल्क साठ रुपये, पट चारशे बारा,
चोवीस हजार सातशे वीस.
निम्मे शिष्यवृत्तीत अडकले,
विद्यापीठाचा वाटा त्याआधीच गेला.
उरला त्यात चुना आला आणि शिरपूरपर्यंतचं भाडं.
शिरपूरहून चोपड्याला परत यायचं भाडं
प्राचार्यांनी खिशातून दिलं. पावती नाही.

यादीत बारा नावं होती.
पिचर रुखसार तडवी.
शॉर्टस्टॉपला धनश्री नेहेते, चष्मा दोऱ्यानं बांधलेला.
कॅचर रेमली बारेला.
रेमलीवर मी पट्टी ठेवून लाल रेघ मारली :
अर्थशास्त्रात बावीस गुण, अपात्र.
आमच्या क्रीडा विभागाचं अर्थशास्त्र
मला तरी कुठे सुटलंय!

“आते काय करानं, ताई?” सर दारात.
मी रेघेखाली लिहिलं : मदतनीस, एक.
भत्ता तेवढाच, दीडशे.
हे लेखापरीक्षणात निघेल तेव्हा निघेल.

मुलींचा संघ, सोबत महिला व्यवस्थापक हवी.
कार्यालयात बाई मी एकटी.
तीन वर्षं ज्या खेळाची बिलं लावली
तो मी शिरपूरला पहिल्यांदा पाहिला.

काही कळलं नाही. ऊन कळलं.
रेमली दोरीबाहेर बसून रुखसारला बोटांनी काहीतरी सांगत होती,
पंच पाहायचे तेव्हा वेणी घालायची.

मग डाव संपला.
धुळ्याच्या मुली फलंदाजीला आत आल्या
आणि येताना हातातले मोजे
मैदानावरच टाकून आल्या, ज्या त्या जागी,
गवतावर उताणे, अजून गरम.
आमच्या तिघी धावत गेल्या, उचलले, घातले.
कुणी कुणाला विचारलं नाही.
डाव फिरला की आमचे तिथे, त्यांच्यासाठी.

आम्ही एका धावेनं हरलो.
ती धाव कशी झाली ते सरांनी परतीच्या एसटीत
तिकिटाच्या पाठीमागे काढून दाखवलं.
ते तिकीट मी जोडपत्र म्हणून लावलंय.

मार्चमध्ये लेखापरीक्षक आले.
बोट पान एकेचाळीसवर :
“नऊ खेळल्या. मोजे सहा. बाकीचे?”
मी म्हटलं, होते.
“खरेदी?” नाही.
“देणगी?” नाही.
“मग नोंद कुठाय?”

त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
मी ते खोडलेलं नाही.
खाली तीन ओळी मोकळ्या आहेत.
रेमलीचा निकाल जूनमध्ये लागेल.