खाली

ब्रातिस्लाव्हा. रेडिओची जुनी इमारत. फेब्रुवारी.
ऐंशी माणसं सकाळी नऊपासून
एका जुन्या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्तीसाठी वाजवताहेत.
मी दुभाषी. काचेच्या अलीकडे जपानी, पलीकडे स्लोव्हाक,
मध्ये माझी गार होत चाललेली कॉफी.

काल दिवसभर धुक्याचं संगीत झालं.
व्हायोलांनी एकच सूर सत्तेचाळीस बार धरून ठेवला.
सुट्टीत त्यांच्यातली एक म्हणाली,
चाल कुठाय यात? घरी जाताना गुणगुणायचं काय?
निर्माते म्हणाले, चाल नकोच.
खेळणाऱ्याला डोंगर दिसला पाहिजे, तुम्ही नाही.
मला दोघांचंही पटलं. दुभाष्याला तेवढी मुभा असते.
आणि खरं सांगायचं तर तो सूर चालू असताना
मी दोनदा खिडकीबाहेर पाहिलं होतं,
डॅन्यूब जागेवर आहे ना म्हणून.

आज जुनी चाल.
ती करणारे कुरामोची-सान माझ्या शेजारी, वय एकाहत्तर,
मांडीवर घडी घातलेला मफलर.
चौतिसाव्या वर्षी केलेली, कानाझावात,
चटया विणणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत.
चारच आवाज होते हो, ते सांगतात,
दोन चालीला, एक खर्जाला, चौथा नुसती खरखर,
तिच्यातच ढोल, तिच्यातच वारा, तिच्यातच मरण.
अंथरूण पाहून पाय पसरले.
आणि पाय तर तेव्हा फार लांब होते माझे.

काचेपलीकडे चाल सुरू झाली,
हार्प, टिंपनी, सोळा पहिली व्हायोलिनं.
लहानपणीचा शेजारी कोट-टाय घालून
अचानक दारात उभा राहावा, तशी.
कुरामोची-सान अदबीनं मान हलवत राहिले.

हालामोवा बाईंनी छडी खाली घेतली.
दुसरा हॉर्न, अकराव्या बारात तुमचा एक सूर गेला.
पुन्हा.
पुन्हा गेला.
वेन्देलिन, पंचेचाळिशीचा, भला थोरला माणूस,
सूर समोर छापलेला, ओठ तयार, श्वास भरलेला.
तिसऱ्यांदाही तेवढ्या एका मात्रेला तो गप्प.
मग कान लाल करून म्हणाला,
तिथं खाली खड्डा आहे.

ऑर्केस्ट्रा हसला. सगळा नाही.
एक बसून आणि मागचे दोन चेलो हसले नाहीत.

मला ते जपानीत न्यायचं होतं.
खड्ड्याला तिथं तीन-चार शब्द आहेत,
मी सगळ्यात छोटा घेतला.

कुरामोची-सान उठून उभे राहिले. मफलर पडला.
भराभर बोलू लागले, मला थांबवायला वेळच देईनात:
उडी मारली की उडीचा आवाज काढायला
यंत्र चालीकडूनच एक आवाज उसना घ्यायचं,
तेवढ्यात एक सूर गळायचा.
न थांबता पळत सुटलेल्या प्रत्येकाला
अकराव्या बारातच तो खड्डा लागायचा.
सूर होता. मी लिहिला होता. वहीत आहे.
उभं राहिलं असतं कुणी, तर ऐकू आला असता.
पण त्या वयात उभं कोण राहतं?

पलीकडून वेन्देलिन सांगत होता
पोलंडच्या बाजारातून आजोबांनी आणलेल्या
नकली यंत्राबद्दल, त्याच्या सैल वायरीबद्दल.
ते मी अर्धंच पोचवलं.

बाईंनी विचारलं, सूर ठेवायचा की काढायचा?
म्हातारा बराच वेळ काचेकडे बघत बसला.
तासाचे पैसे घेणारी ऐंशी माणसं थांबलेली.
दोन्ही करा, म्हणाले.
एकदा भरून, एकदा रिकामं.
त्यातलं कुठलं खेळात गेलं, मला ठाऊक नाही.
माझं बिल मार्चमध्ये चुकतं झालं.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर तिघे.
बर्फाचा चिखल, हॉर्नची पेटी, तोच मफलर.
म्हातारा गुणगुणू लागला, वेन्देलिननं साथ धरली,
आणि अकराव्या बारात
एकजण गप्प झाला, एकजण नाही.

मी कामावर नव्हते.
त्याचा अनुवाद केला नाही.