पावलाचं माप

शुक्रवारी रात्री पादोवा स्टेशनच्या मागच्या पटांगणात
मी गाडीचं मागचं दार उघडतो
आणि बाया रांग लावतात.
किलोला दीड युरो. काटा माझा, वाद त्यांचा.
धुण्याची पावडर, ऑलिव्हचं तेल, पास्ता,
ज्यांना भरवलं, पुसलं आणि पोचवलं
त्या म्हाताऱ्यांचे इस्त्री केलेले शर्ट,
आणि बूट.
बुटांचं खोकं हातातून लवकर सुटत नाही.

परतीच्या फेरीत मी कागद आणतो.
वहीचं पान जमिनीवर ठेवायचं,
पोराला त्यावर उभं करायचं,
पायाभोवती पेन्सिल फिरवायची.
टाचेपाशी गुदगुल्या होतात,
तिथं रेघ हमखास हलते.
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
अग्लायाला ते माझ्या गाडीच्या कप्प्यात दिसतात,
वर्षातून दोनदा,
टोलच्या पावत्यांखाली.

एका मार्चमध्ये लिस्बेट आली माझ्याबरोबर,
गेंटची, उंच, थंडीनं नाक लाल झालेली.
मांडीवर लाकडी कॅमेरा.
प्रुत नदीच्या चौकीवर शिपायानं तो तीनदा उघडायला लावला,
आत काहीच नाही म्हणून जास्तच संशय.
मी विचारलं, काढणार काय तू?
पोरं आणि पार्सलं, म्हणाली.
पार्सल बंद.
मी हसलो. बंद पार्सलाशेजारी
पोर किती वेळ उभं राहील असं वाटतं तुला?
चार सेकंद, ती म्हणाली.
मला चारच लागतात.

दोरिनच्या मावशीचं अंगण.
चुना लावलेली अक्रोडाची झाडं,
कडेला न वितळलेलं, काळं पडलेलं बर्फ.
खोक्यावर हात ठेवून दोरिन उभा.
लिस्बेट काळ्या कापडाखाली गेली,
बाहेर आली,
आमच्या भाषेत मोजू लागली, चुकीच्या उच्चारांत.
एक.
दोन.
तीनला त्यानं उजवा पाय मागं घेतला.
का ते मला दिसत होतं.
बुटाचं तोंड फाटलेलं, आत मोजा भिजलेला.
तिला दिसलं नाही, ती घड्याळाकडं बघत होती.
मग आणखी तीन प्लेटा काढल्या,
त्यांत तो शहाण्यासारखा उभा राहिला.

निवडली तिनं पहिलीच.
चेहरा स्पष्ट, चिकटपट्टीची घडीन् घडी स्पष्ट,
आणि उजव्या पायाच्या जागी
थोडंसं धुकं.

ऑक्टोबरात प्रदर्शन पादोव्यातच आलं,
जुन्या कत्तलखान्यात, पांढऱ्या रंगाखाली.
गुरुवारी दुपारी अग्लायाला सुट्टी असते.
मी तिला घेऊन गेलो.
लोक वाइनचे ग्लास धरून हळू आवाजात बोलत होते,
कुणाच्या घरी कुणी आजारी असावं तसं.
दोरिन भिंतभर.
त्याच्या आईपेक्षा दीडपट उंच.

मला वाटलं, रडेल.
ती खाली बसली, उकिडवी,
पर्समधून वहीचं पान काढलं, चार घड्यांचं,
आणि फोटोतल्या डाव्या पायाला लावलं.
पान पायाच्या अर्ध्यावर संपलं.
मग उजव्याला लावलं.
रखवालदार आला,
सिन्योरा, हात लावू नका.
ती म्हणाली, हात नाही लावला, कागद लावला.

बाहेर येऊन पायरीवर बसली.
काय उपयोग, म्हणाली.
एक पाय राक्षसाचा,
दुसरा नाहीच.
तू रविवारी पाहिलास ना त्याला?
सांग.

मी दोन्ही तळवे समोर धरले. एवढा.
मग आठवलं, रविवारी तो दारात होता,
मी स्टिअरिंगवर, घाईत.
तळवे थोडे लांब केले.

तसेच धर, अग्लाया उठत म्हणाली,
हलवू नकोस.
चपलांचं दुकान सातला बंद होतं.

आणि मी त्या शहराच्या रस्त्यावरून
हात पुढं करून चालत राहिलो,
सिग्नलला थांबलो तसाच,
मधली हवा
सांडू न देता.