बेथेस्दा, मंगळवार

दर मंगळवारी मी इद्वलचा डावा हात मांडीवर घेते.
वेल्सच्या पाटी-खाणीत चाळीस वर्षं दगड चिरलेला हात,
आता मिटलेला, गार,
कुंपणावर रात्रभर राहिलेल्या हातमोज्यासारखा.

"उघडा," मी म्हणते.
"मढ्याला ऊठ म्हणतेस," तो अर्ध्या तोंडाने हसतो,
"उठवणारा वेगळा. कुणाला उठवायचं, तेही त्याच्याच मर्जीवर."
चहा गाळता गाळता बहीण फणकारते,
"तो दार ठोठावतो. कडी आतूनच असते, इद्वल."
साठ वर्षं दोन चॅपलं, एक किटली.

ज्या तळ्यावरून या गावाला नाव मिळालं
तिथे म्हणे एक लुळा अडतीस वर्षं पडून होता.
बरं व्हायचंय का, असं विचारलं
तर तो हो म्हणालाच नाही.
म्हणाला, मला पाण्यात सोडायला कुणी नाही.

आज करंगळी हलली.
"मी नाही हलवली," इद्वल पुटपुटला.
"तूच," ग्वेनलियन म्हणाली.
मग दोघं माझ्याकडे बघत राहिले.

माझा अंगठा त्याच्या मनगटाखाली होता.
जोर जाणवला. कुणाचा,
असा रकाना फॉर्मवर नाही.
'किंचित हालचाल' लिहून निघाले.

बसस्टॉपवर मी माझीच मूठ मिटली
आणि उघडण्याआधी
जरा थांबले.